तळे आटते तेव्हा तळ्यातले जीव कुठे जातात?

तळ्यावर गेल्यावर मुलांना काय काय दाखवायचे याची यादी आम्ही घरूनच करून नेली होती. बरोबर दोन सूक्ष्मदर्शक होते, दहा-बारा भिंगे, मलमलीच्या जाळ्या, बशा, ड्रॉपर असा सगळा सरंजाम होता. शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका आश्रमशाळेत 'तळ्यातील जीवसृष्टी' या विषयावर आठवी-नववीच्या मुलांबरोबर दोन दिवस काम करायचे ठरले होते. मूळ बेत ऑक्टोबरचा. काही ना काही कारणाने तो पुढे ढकलत आम्ही पोहोचलो ते २०१८ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या आठवड्यात. शाळेमागचे गावतळे तोवर ठणठणीत कोरडे पडले होते. गाळाला हातभर लांबीच्या भेगा पडल्या होत्या आणि तळाशी मुलांनी क्रिकेटची खेळपट्टी आखली होती.

नंदुरबारच्या उन्हाची कल्पना असूनही आम्ही हे आधी विचारले नाही, ही चूक आमचीच. शाळेतल्या सरांना उगीचच अपराधी वाटू लागले. "उकाईच्या फुगवट्याकडे जाऊ या का? तिथं पाणी असतं," असे ते म्हणाले. पण साठ मुलांना तिकडे न्यायचे कसे, हा प्रश्न होताच. तेवढ्यात नववीतल्या एका मुलीने विचारले, "सर, जूनमध्ये पाणी आलं की आठ दिवसांत या तळ्यात किडे वळवळतात. बेडूक ओरडतात, गोगलगायी दिसतात. मग ते सगळे आत्ता कुठं आहेत?"

आमच्या यादीतल्या कोणत्याही गोष्टीपेक्षा हा प्रश्न चांगला होता. यादी आम्ही पिशवीतच ठेवली.

उत्तरे आधी मुलांकडूनच घेतली. वर्गात सरळ तीन तट पडले. काहींचे म्हणणे, हे जीव पावसाबरोबर आभाळातून पडतात. पहिल्या पावसानंतर अंगणात बारकी बेडके दिसतात, तीही वरूनच आलेली असतात. दुसरा गट म्हणे, ते चिखलातच तयार होतात, चिखल सडला की किडे होणारच. तिसऱ्या गटाच्या मते ते नदीतून नाल्याने चढून येतात किंवा उडत येतात. "ते इथंच आहेत, झोपलेत," असे म्हणणारा एकच मुलगा निघाला, आणि त्याला सगळे हसले. कारण भेगांत हात घालून पाहिले तर आत कोरड्या ढेकळांशिवाय काहीही नव्हते.

यातल्या कोणत्याही उत्तराला हसण्याचे कारण नाही. चिखलातून जीव तयार होतात हे मत एके काळी थोरामोठ्यांचे होते. ईल नावाचे सापासारखे मासे चिखलातून उपजतात असे अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवले होते. १६६८ साली इटलीत फ्रान्चेस्को रेडी याने मांसाच्या काही भांड्यांवर जाळीचे कापड बांधले, काही उघडी ठेवली, आणि अळ्या फक्त उघड्या भांड्यांतल्या मांसात होतात हे दाखवले. तरीही सूक्ष्म जीवांपुरता वाद पुढे दोनशे वर्षे चालला. १८६० च्या सुमारास लुई पाश्चरने हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या चंबूत उकळलेला अर्क ठेवून तो बराचसा मिटवला. म्हणजे आपल्या वर्गातला दुसरा गट अ‍ॅरिस्टॉटलच्या बाजूचा होता आणि त्याला उत्तर द्यायचे तर रेडीसारखेच काम करायला हवे होते. पुस्तकात काय लिहिले आहे ते सांगून हा वाद मिटला असता, पण मुलांची खात्री पटली नसती.

मुलांनी तळ्यात पाच ठिकाणी, वरवरचा दोन बोटे जाडीचा गाळ खरवडला. एक नमुना मधल्या सखल भागातला होता, बाकीचे कडेचे. ढेकळे फोडून सगळा गाळ एकत्र केला. रुंद तोंडाच्या नऊ बरण्या घेतल्या. तीन बरण्यांत कोरडा गाळ दोन बोटे भरला. पुढच्या तीन बरण्यांत तोच गाळ, पण आधी पाण्यात अर्धा तास उकळून घेतलेला. उरलेल्या तिन्हींत नुसते पाणी. प्रत्येक तिघींपैकी दोन बरण्यांची तोंडे मलमलीने बांधली आणि एक उघडी ठेवली. गाळ तव्यावर भाजण्याऐवजी उकळला यालाही कारण होते. या जीवांची कोरडी अंडी कोरडी उष्णता बरीच सोसतात. भिजलेल्या अंड्यांना मात्र उकळते पाणी मुळीच सोसत नाही. बरण्या खिडकीजवळ, उजेडात पण थेट उन्हात नाही अशा ठेवल्या.

दोन दिवस आम्ही बरण्यांभोवती घिरट्या घालत राहिलो. काहीही झाले नाही. आमच्यासमोर साठ मुले आणि नऊ निर्जीव बरण्या. परतण्याच्या दिवशी सकाळी एका मुलाने सहज सांगितले, "सर, त्या दिवशी टाकीत पावडर टाकली होती. पाण्याला वास येत होता." पावडर म्हणजे टीसीएल, गावच्या पाणीपुरवठ्यात जंतू मारायला घालतात ती. तिच्यातून सुटणारा क्लोरीन जंतू मारतो, तसा नुकत्याच अंड्यातून निघालेल्या इवल्या जीवांनाही मारतो. आम्ही तळ्यातले जीव शोधत होतो ते औषध घातलेल्या पाण्यात. शिक्षकांनी हा प्रयोग करताना नळाचे पाणी पसरट घमेल्यात भरून दोन दिवस उघडे ठेवावे, क्लोरीन उडून जातो. साठवलेले पावसाचे पाणी मिळाले तर सर्वांत उत्तम. खारट किंवा जड पाण्याच्या बोअरचे पाणी टाळावे.

दुसऱ्या खेपेचा प्रयोग आमच्या पाठीमागे मुलांनीच केला आणि एका वहीत रोज लिहून ठेवला. मे महिन्याची सुटी लागण्यापूर्वी त्यांना जेमतेम तीन आठवडे मिळाले. ती वही पुढे आम्हाला टपालाने आली. खालचे वर्णन बहुतेक तिच्यातलेच आहे.

पहिल्या दिवशी गाळातून बुडबुडे आले आणि पाणी गढूळ झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कच्च्या गाळाच्या बरणीत, बॅटरीचा झोत टाकला की, पांढुरके ठिपके झटक्याझटक्याने हलताना दिसले. तिसऱ्या दिवशी असे ठिपके पुष्कळ झाले. शाळेला आम्ही ठेवून आलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली सरांनी एक थेंब ठेवला तेव्हा त्यात तोंडाशी दोन चक्रे फिरत असल्यासारखे दिसणारे जीव होते. हे रोटिफर. चक्रे खरोखर फिरत नाहीत. तिथल्या केसांची लाटेसारखी हालचाल तशी भासते. आठवड्याच्या शेवटी राजगिऱ्याच्या दाण्याएवढे, दोन शिंपांत मिटलेले जीव तळाशी पळू लागले. यांना ऑस्ट्राकॉड म्हणतात. मग एकच डोळा असलेला आणि धक्के देत पोहणारा सायक्लॉप्स आला. सायक्लॉप्स हे ग्रीक पुराणातल्या एकाक्ष राक्षसाचे नाव आहे.

तीनपैकी एका बरणीत आणखी काही निराळे निघाले. पारदर्शक, लांबट, पानासारख्या अकरा जोड पायांचे झिंगे. आणि ते पाठीवर पडून, पाय वर करून पोहत होते! दहा-बारा दिवसांत ते नखाएवढे झाले. इंग्रजीत त्यांना फेअरी श्रिंप म्हणतात. मराठीत रूढ नाव आम्हाला ठाऊक नाही. मुलांनी वहीत 'उलटा झिंगा' असे लिहिले आहे, तेच नाव आम्ही यापुढे वापरू. झिंगे म्हटले तरी हे बाजारात मिळणाऱ्या झिंग्यांचे लांबचे नातलग आहेत, आणि त्यांची वस्ती मुख्यतः आटणाऱ्या डबक्यांत असते. महाराष्ट्रातल्या सड्यांवर पावसाळ्यात साचणाऱ्या डबक्यांतूनही त्यांची नोंद झाली आहे.

नुसत्या पाण्याच्या, झाकलेल्या बरण्यांत काहीच आले नाही. उघड्या बरण्यांत मात्र डासांच्या अळ्या झाल्या, उकळलेल्या गाळाच्या उघड्या बरणीतही झाल्या. म्हणजे 'उडत येतात' म्हणणारा तिसरा गट अर्धा जिंकला. उकळलेल्या गाळाच्या झाकलेल्या बरण्यांत वळवळणारे काही दिसले नाही. पण पाणी गढूळ होऊन घाण वास सुटला. तेव्हा चिखलवाद्यांनी पुन्हा उचल खाल्ली: "उकळलं तरी काहीतरी झालंच ना?" हा आक्षेप अगदी रास्त आहे. पाश्चरच्या विरोधकांनीही गवताचा काढा उकळून असेच दाखवले होते. काही जिवाणू कठीण कवचाचे बीजाणू करतात आणि ते साध्या उकळण्याने मरत नाहीत, हे १८७० च्या दशकात फर्डिनांड कोन आणि जॉन टिंडल यांच्या कामातून उलगडले. आपली बरणी जिवाणूंपुरती निर्जंतुक नव्हती. पण झिंगा, सायक्लॉप्स, ऑस्ट्राकॉड यांच्याबाबत निकाल स्पष्ट होता. ते गाळातच होते आणि उकळल्यावर मेले. ज्या मुलाला सगळे हसले होते, त्याच्या नावापुढे वहीत कोणीतरी मोठ्ठी बरोबरची खूण केली आहे.

आता 'झोपले होते' म्हणजे नेमके काय, ते पाहू या. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी आहे.

रोटिफर स्वतःच वाळतो. आकसून, गोळा होऊन तो धुळीच्या कणासारखा पडून राहतो. ही गोष्ट सर्वांत आधी पाहिली ती हॉलंडमधल्या अँटनी फान लेव्हेनहूक या कापडव्यापाऱ्याने. घराच्या पन्हाळीतली वाळलेली माती त्याने पाण्यात भिजवली आणि थोड्याच वेळात तिच्यात जीव पोहू लागल्याचे १७०२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. याच कुळातले काही रोटिफर सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीत सुमारे २४,००० वर्षे राहून पुन्हा हालचाल करू लागले, असे रशियन संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. तिथे ते वाळलेले नव्हते, गोठलेले होते, एवढा फरक लक्षात ठेवावा.

सजीवाच्या पेशीतून पाणी गेले की एरवी तिचे पडदे फाटतात, प्रथिने एकमेकांना चिकटून निकामी होतात. आफ्रिकेत खडकांवरच्या डबक्यांत राहणाऱ्या एका माशीची अळी यावर एक युक्ती करते. वाळू लागली की ती ट्रेहलोज नावाची साखर अंगात साठवते, इतकी की वाळलेल्या अळीच्या वजनाचा सुमारे पाचवा भाग साखरच असते. पाण्याची जागा ही साखर घेते आणि काचेसारखी घट्ट होऊन पेशीतल्या वस्तू जागच्या जागी धरून ठेवते. मुलांना सांगताना पाकात मुरलेल्या मोरावळ्याचे उदाहरण द्यावेसे वाटते. ते तंतोतंत लागू नाही, पण सुरुवातीला चालेल. गंमत अशी की रोटिफरांच्या या कुळात ट्रेहलोज सापडत नाही. त्यांची तऱ्हा निराळी आहे.

उलटा झिंगा स्वतः वाळत नाही, तो मरतोच. मागे राहतात त्याची अंडी, मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढी, जाड कवचाची. आतला गर्भ थोडा वाढून थांबलेला असतो. जलपिसूची कथा याहून मजेशीर आहे. तळ्यात पाणी आणि अन्न भरपूर असेपर्यंत जलपिसूच्या माद्या नराशिवायच पिल्ले देत राहतात, आणि तीही बहुधा माद्याच. याला अनिषेकजनन म्हणतात. गर्दी झाली, अन्न कमी पडले, दिवसमान बदलले, की नर जन्माला येतात, मीलन होते आणि मादीच्या पाठीवर एक गडद खोगीर तयार होते. या खोगिरात एक किंवा दोन अंडी असतात. मादी कात टाकते तेव्हा ते सुटे होते. काही खोगिरे बुडतात, काही तरंगतात आणि बगळ्या-बदकांच्या पायांना चिकटून दुसऱ्या तळ्यात जातात. सरांनी वहीत विचारले होते की पूर्वी कधीच पाणी नसलेल्या नव्या शेततळ्यात जलपिसवा कशा येतात. हे त्याचे एक उत्तर.

गोगलगाय आणि बेडूक यांचे काम सोपे, ते खोल जातात. मोठी शंखगोगलगाय चिखलात शिरून शंखाचे झाकण घट्ट ओढून घेते. तिला कल्ला आहे आणि फुप्फुसासारखी पिशवीही आहे, त्यामुळे तिचे पाण्याबाहेर भागते. बेडूक ओलसर मातीत पुरून राहतात. पहिल्या मोठ्या पावसात मोठ्या बेडकाचा नर हळदीसारखा पिवळा होऊन ओरडतो तो याच मातीतून वर येऊन. अंगणातली बारकी बेडके आभाळातून पडत नाहीत. ती आसपासच्या फटींत आणि पालापाचोळ्याखाली दडलेली असतात आणि ओल आली की बाहेर पडतात. चतुर मात्र बाहेरून येतात. पावसाळ्यात थव्यांनी दिसणारा पिवळसर चतुर पावसाच्या वाऱ्यांबरोबर फार लांबचा प्रवास करतो आणि तात्पुरत्या डबक्यांतच अंडी घालतो. हिंदी महासागर ओलांडून तो आफ्रिकेपर्यंत जात असावा, अशी मांडणी चार्ल्स अँडरसन यांनी मालदीवमधल्या निरीक्षणांवरून २००९ मध्ये केली.

इथपर्यंतचे सगळे बऱ्याच पुस्तकांत सापडेल. मुलांच्या वहीतली शेवटची नोंद मात्र आम्हाला अधिक महत्त्वाची वाटली. त्यांनी एका बरणीतले झिंगे मोठे होऊन अंडी घालण्याआधीच, पाचव्या दिवशी, चहाच्या गाळणीत मलमल धरून काढून टाकले. मग गाळ उन्हात वाळवला आणि पुन्हा भिजवला. पुन्हा झिंगे निघाले! नवी अंडी कोणी घातलेली नव्हती. म्हणजे पहिल्या भिजवणीत सगळी अंडी उबलीच नव्हती, काही मागे राहिली होती. मुलांनी लिहिले आहे: "काही अंडी आळशी आहेत."

ती आळशी का असतात हे नंदुरबारच्या शेतकऱ्याच्या पोराला सांगायला फार शब्द लागत नाहीत. जूनच्या पहिल्या पावसावर भरवसा ठेवून ज्याने सगळे बियाणे पेरले आणि पुढे तीन आठवडे पाऊस दडी मारून बसला, त्याच्यावर दुबार पेरणीची वेळ येते. घरात बियाणे शिल्लक असेल तरच ती जमते. झिंग्याला दुकानातून उधार बियाणे आणता येत नाही.

हिशेब फळ्यावर मांडून पाहा. आकडे आपण सोयीसाठी धरलेले आहेत. चांगल्या पावसाच्या वर्षी उबलेल्या प्रत्येक अंड्यामागे दहा नवी अंडी मिळतात. डबके लवकर आटले तर एकही मिळत नाही. दोन वर्षे चांगली आणि तिसरे वाईट, असे समजू. सगळी अंडी दरवर्षी उबणाऱ्या जातीची शंभर अंडी पहिल्या वर्षी हजार होतील, दुसऱ्या वर्षी दहा हजार आणि तिसऱ्या वर्षी शून्य. निम्मी उबणाऱ्या जातीची शंभर अंडी पहिल्या वर्षी ५५० होतील (पन्नासांची पाचशे, अधिक राखून ठेवलेली पन्नास), दुसऱ्या वर्षी ३,०२५ आणि तिसऱ्या वाईट वर्षानंतरही सुमारे १,५१२ उरतील. वर्षांची सरासरी काढली तर पहिली जात पुढे दिसते. पण पिढ्यांचा हिशेब बेरजेने चालत नाही, गुणाकाराने चालतो, आणि गुणाकारात एक शून्य आले की संपले. वाळवंटातल्या एकवर्षायू झाडांच्या बियांबद्दल हेच गणित डॅन कोहेन यांनी १९६६ मध्ये मांडले. गणिताच्या शिक्षकांनी हा तास जीवशास्त्राच्या शिक्षकांकडून जरूर मागून घ्यावा.

मागे राहिलेली अंडी वर्षानुवर्षे साठत जातात. वरच्या थरातली अंडी उजेड आणि ओल मिळाली तर उबतात, खाली दबलेली अंधारात तशीच थांबतात. शास्त्रज्ञ याला अंड्यांची बँक म्हणतात. अमेरिकेतल्या र्‍होड आयलंड राज्यातल्या एका तळ्याच्या गाळातून सायक्लॉप्सच्या नातेवाइकाची तीनशेहून अधिक वर्षांची अंडी उबवता आली, असे नेल्सन हेअरस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये दाखवले. मिनेसोटातल्या एका तळ्यातली सुमारे सातशे वर्षांची जलपिसवांची अंडीही २०१४ मध्ये उबली. ही थंड प्रदेशातली, पाण्याखालच्या गाळातली उदाहरणे आहेत. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये तापणाऱ्या गाळात अंडी इतकी टिकतील असे मानण्याचे कारण नाही.

आता अडचणीच्या गोष्टीकडे येऊ. त्याच मे महिन्यात गावतळ्याचा गाळ काढायचे ठरले होते. २०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आहे. यंत्राने तलावातला गाळ काढायचा आणि शेतकऱ्यांनी तो आपल्या शेतात नेऊन पसरायचा. वहीत त्याबद्दल एकच ओळ होती: "सर, अंड्यांची बँक ट्रॅक्टरमध्ये भरून शेतात जाणार. शेतात पाणी साचत नाही. मग?"

यावर आमच्याकडे सोपे उत्तर नव्हते. तळ्यात गाळ भरला की पाणी कमी साठते, जमिनीत मुरत नाही, गुरांचे हाल होतात. तो गाळ शेताला मिळाला तर पीक सुधारते. झिंग्यांसाठी गाळ काढू नका असे गावाला सांगणारा शास्त्रज्ञ गावात पुन्हा पाय ठेवू शकणार नाही, आणि ठेवूही नये. पण गाळ सगळा, एकाच वर्षी, तळापर्यंत खरवडून काढलाच पाहिजे असेही नाही. एक कोपरा तसाच राखावा; किंवा वरचा वीतभर थर बाजूला ढीग करून ठेवावा आणि खोदकाम झाल्यावर तळावर परत पसरावा. याला खर्च फारसा नाही, आधी विचार करावा लागतो इतकेच. सरांनी हे पंचायतीत मांडले. लोकांनी ऐकून घेतले.

प्रत्यक्षात एक कोपरा राहिला तो या युक्तिवादामुळे नव्हे. तिथे पिंपळाखाली शेंदूर लावलेला एक दगड आहे, आणि जेसीबीवाल्याने तिथे बकेट लावायला साफ नकार दिला.

जुलैमध्ये पाणी आल्यावर मुलांनी दोन्ही बाजूंना गाळणीने प्रत्येकी वीस फेऱ्या मारून बशीत मोजणी केली. पिंपळाच्या बाजूला पहिल्या आठवड्यात झिंगे मिळाले, खोदलेल्या बाजूला मिळाले नाहीत. तिथे डासांच्या अळ्या आणि पाण्यावर पळणारे किडे होते. पुढे पाणी वाढून दोन्ही बाजू एक झाल्या आणि फरक पुसला गेला. यावरून गाळ काढल्याने झिंगे गेले असे सिद्ध झाले का? नाही. एक तळे, एक वर्ष. खोदलेली बाजू जास्त खोलही होती. दुसरे असे की तळे खोल झाले आणि वर्षभर पाणी टिकू लागले तर नाल्याने आलेले मासेही टिकतील. पाठीवर पडून संथ पोहणारा झिंगा माशांच्या तावडीतून सुटत नाही. तोरणमाळच्या यशवंत तलावासारख्या बारमाही पाण्यात उलटे झिंगे शोधू नका, ते याच कारणाने. ज्याला आपण तळ्याची दुर्दशा समजतो ते आटणे हेच त्यांचे संरक्षण आहे. गावाला बारमाही तळे हवे आणि झिंग्याला आटणारे. दोघांचे एकाच तळ्यात भागेलच असे नाही. गावाबाहेरची दोन-चार डबकी न बुजवता राहू दिली तर कदाचित भागेल.

हा प्रयोग करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. गाळ हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत, हाताला जखम असेल त्याने गाळात हात घालू नये आणि उघड्या बरण्यांतल्या डासांच्या अळ्या आठवड्याच्या आत ओतून द्याव्यात, नाहीतर शाळेतच डास होतील. सायक्लॉप्स दिसला की जुने शिक्षक नारूबद्दल विचारतात. त्यांची शंका खरी आहे. नारूची अळी सायक्लॉप्सच्या पोटात वाढायची आणि असे पाणी प्यायल्याने माणसाला नारू व्हायचा. महाराष्ट्रही या रोगाच्या पट्ट्यात होता. पाणी कापडाने गाळून पिणे, पायविहिरींत उतरण्याची वाट बंद करणे आणि औषध टाकणे यांमुळे रोगाची साखळी तुटली. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. सायक्लॉप्स अजूनही सगळीकडे आहे, पण त्याच्या पोटात आता नारू नाही. तरी तळ्याचे पाणी प्यायचे नाही हे उघडच आहे.

जेसीबी येण्याच्या आदल्या दिवशी मुलांनी कोरड्या गाळाची दहा कागदी पाकिटे भरून शाळेच्या कपाटात ठेवली. प्रत्येकावर ठिकाण, तारीख आणि ते कोणत्या वर्षी भिजवायचे ते लिहिले आहे: २०१९ पासून २०२८ पर्यंत, वर्षाला एक. २०१९ च्या पाकिटातून झिंगे निघाले. २०२० चे पाकीट उघडलेच गेले नाही; शाळा बंद होती. ते कपाटात अजून तसेच आहे. पुढे कोणत्या वर्षी भिजवावे यावर मुलांत दोन मते आहेत. सर म्हणतात, ते २०२९ साठी ठेवा.